पाणथळीतील आमरी : शोध इतका अवघड का?

ऑर्किड म्हटले, की फुलांच्या दुकानातील महागडे तुरे डोळ्यांसमोर येतात. मराठीत या कुळाला ‘आमरी’ असे नाव आहे. विदर्भात आंब्याच्या किंवा मोहाच्या खोडावर वाढणारी आमरी अनेकांच्या परिचयाची असते. मात्र याच कुळातील कित्येक जाती झाडावर नव्हे, तर जमिनीत कंद धरून वाढतात आणि त्यांतील काहींना पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारी गवताळ जमीनच मानवते.

नागपूरच्या दक्षिणेकडील हुडकेश्वर, नरसाळा, बेसा या पट्ट्यात गेल्या काही दशकांत शेतजमिनींवर झपाट्याने लेआउट पडले. अशा भागात पाणी साचणारी सखल जागा म्हणजे मुरूम टाकून भरून घ्यायची पडीत जमीन, असाच सर्वसाधारण समज असतो. अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र तो अधिवास असतो आणि तो बुजण्यापूर्वी तेथे काय उगवते याची नोंद होणे महत्त्वाचे ठरते.

ही नोंद किती उशिरा होऊ शकते, याचे उदाहरण उत्तर प्रदेशातील दुधवा व्याघ्र प्रकल्पात मिळाले. ‘युलोफिया ऑब्ट्युसा’ या भुईआमरीची भारतातील आधीची नोंद १९०२ मध्ये पिलिभीत भागातून झाली होती. त्यानंतर तब्बल ११८ वर्षांनी, जून २०२० मध्ये, तराईतील गवताळ प्रदेशाची पाहणी सुरू असताना ती पुन्हा दृष्टीस पडली. तेथील गवताळ जमीन राखीव क्षेत्रात असल्यामुळे टिकून होती. शहराच्या वेशीवरील जमिनीला असे संरक्षण नसते.

शोध अवघड असण्याची कारणे वनस्पतीच्या जीवनक्रमात आहेत. भुईआमरीचा जमिनीवरील भाग वर्षातील बराच काळ सुकून गेलेला असतो आणि केवळ कंद जिवंत राहतो. अनेक जातींत एखाद्या वर्षी कोंबच वर येत नाही. फुलोरा नसेल, तर पाने गवतात सहज मिसळून जातात. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नसाठा नसतो आणि मातीतील विशिष्ट बुरशीची साथ लाभल्याशिवाय ते रुजत नाही. जमिनीचा ओलावा बदलला की या बुरशीवरही परिणाम होतो. त्यामुळे केवळ रोप उचलून दुसरीकडे लावल्याने जात वाचेलच, असे नाही.

म्हणूनच सर्वेक्षणाचा आरंभ कागदपत्रांपासून होतो. जुने वनस्पतिसंग्रह, जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आणि उपग्रहचित्रे यांवरून संभाव्य जागा निश्चित केल्या जातात. फुलोऱ्याच्या हंगामात ठरावीक रेषेत चालत पाहणी होते. ठरावीक मापाचे चौकोन आखून त्यांतील फुललेली, न फुललेली व फळे धरलेली रोपे स्वतंत्रपणे मोजली जातात. पाण्याची खोली, माती, चराई आणि भरावाच्या खुणाही टिपल्या जातात. एका फेरीत रोप दिसले नाही म्हणून ते तेथे नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. ओळीने काही वर्षे त्याच जागी जावे लागते. कंद खणून नेले जाण्याच्या भीतीने नेमके ठिकाण सहसा जाहीर केले जात नाही.

कायद्याचे कवच मात्र तोकडे आहे. आमरी कुळातील सर्व जाती ‘साइटिस’ कराराखाली येतात, पण तो करार आंतरराष्ट्रीय व्यापारापुरता आहे. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने केलेल्या सूचीत २.२५ हेक्टरहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागा होत्या आणि त्यांच्या रक्षणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्याहून लहान डबकी व ओलसर माळ या आकड्याबाहेर राहतात. शिवाय २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरे आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव व्याख्येतून वगळले आहेत. मालगुजारी तलावांच्या पूर्व विदर्भात ही बाब विशेष गंभीर ठरते.

भराव पडण्यास एक उन्हाळा पुरतो, तर जमिनीखालच्या कंदाचा शोध लागण्यास अनेक पावसाळे लागतात. म्हणूनच बांधकामाच्या परवानगीपूर्वीची पाहणी उन्हाळ्यात एका दिवसात उरकली गेली, तर तिच्या अहवालात आमरी येण्याची शक्यता जवळजवळ नसते.