घुमटावाचूनच्या मशिदी

आमच्या गावची मशीद कौलारू होती. चिऱ्याच्या भिंती, उतरतं छप्पर आणि पुढे वजूसाठी छोटा हौद. परगावचा पाहुणा तिला शाळा समजायचा. पुढे जमातीनं वर्गणी काढली, जुनी इमारत उतरवली आणि स्लॅबची मशीद उभी केली. वर हिरवा घुमट, दोन बाजूंना मिनार. ‘आता कशी मशिदीसारखी मशीद दिसते!’ माझे चुलते म्हणाले. वर्गणी मीही दिली होती. पण ते वाक्य मनात अडकून बसलं. मशिदीसारखी म्हणजे कशासारखी?

मदिनेत पैगंबरसाहेबांनी बांधलेल्या मशिदीला घुमट नव्हता, मिनारही नव्हता. कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या खोडांचे खांब, वर खजुराच्या झावळ्या. हजरत बिलाल अजान देत ती जवळच्या घराच्या छपरावरून. जागा पाक असावी आणि तोंड मक्केकडे असावं, एवढं झालं की बाकीचं त्या त्या मुलखातल्या गवंड्यांवर सोपवलेलं. चीनमधल्या शिआन शहरातली मोठी मशीद पाहा. एकामागून एक चौक, टोकाशी वर वळलेली कौलारू छपरं. तिथली देवळं दक्षिणेकडे तोंड करतात. ही मशीद मात्र पूर्व-पश्चिम मांडलेली आहे, कारण मक्का पश्चिमेला. एवढाच काय तो फरक!

मला सर्वांत जवळची वाटते ती स्पेनमधल्या कोर्दोव्याची मशीद. 750 साली उमय्या घराण्याची कत्तल झाली. त्यातून जीव वाचवून सीरियातून पळालेला अब्दुल रहमान नावाचा तरुण स्पेनमध्ये पोचला, अमीर झाला आणि सुमारे 785 साली त्यानं ही मशीद सुरू केली. खांब मिळाले ते जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे, कुणी आखूड, कुणी लांब. एवढ्या मोठ्या दालनाला ती उंची पुरेना. मग कारागिरांनी प्रत्येक खांबावर आणखी एक दगडी खांब चढवला आणि कमानीवर कमान बांधली. खालची कमान खांबांना धरून ठेवते, वरची छप्पर पेलते. लाल वीट आणि फिका दगड आळीपाळीनं लावल्यामुळे त्या पट्टेदार दिसतात. जगभर ज्याचे फोटो काढतात ते सौंदर्य मुळात अडचणीतून निघालेली तोड आहे. पुढे दोनशे वर्षं इमारत वाढत गेली. दहाव्या शतकातल्या तिच्या मेहराबीवरच्या रंगीत काचकामासाठी कारागीर आणि काचेचे तुकडे बायझंटाईन सम्राटानं, म्हणजे एका ख्रिस्ती राजानं पाठवले, अशी जुन्या इतिहासकारांची नोंद आहे.

1236 साली शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं आणि मशिदीचं कॅथीड्रल झालं. 1523 मध्ये खांबांच्या ऐन मध्यावर उंच चर्च उठवायचं ठरलं, तेव्हा शहराच्या नगरसभेनं विरोध केला. त्या कामावर जाणाऱ्या गवंड्याला देहदंड देऊ, अशी दवंडी दिली. हे सभासद ख्रिस्तीच होते! सम्राट पाचव्या चार्ल्सनं मात्र कौल बिशपच्या बाजूनं दिला. आज ते कॅथीड्रलच आहे. मुसलमानाला तिथं नमाज पढता येत नाही. याचं मला वाईट वाटतं. पण वापरात राहिली म्हणून इमारत टिकली, हेही कबूल करावं लागतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात जेन्नेची मशीद आहे. त्या नदीकाठच्या प्रदेशात दगड दुर्मीळ, म्हणून सारं मातीचं. जुनी मशीद पडल्यावर 1907 साली स्थानिक गवंड्यांनी आजची बांधली. भिंतींतून ताडाच्या लाकडांच्या जुड्या बाहेर डोकावतात. त्या शोभेच्या वाटतात, पण दुरुस्तीच्या वेळी पराती म्हणून उपयोगी पडतात. कारण पावसानं माती धुपते, म्हणून दरवर्षी सारं गाव मिळून मशीद लिंपतं. मातीत भाताचा कोंडा मिसळून ती आधी कुजत ठेवतात. पोरं टोपल्या घेऊन धावतात, बायका पाणी आणतात, म्हातारे गवंडी खालून ओरडून चुका दाखवतात. हल्ली तिथं काही घरांना भाजलेल्या मातीच्या फरश्या लावतात. दरवर्षीचं लिंपण चुकतं, खर्च वाचतो. मशिदीवर मात्र अजून मातीच चढते.