दोरशिडीवरचा पायलट

अंबरनाथच्या शिवमंदिरामागे, वालधुनीकाठी आमचं घर. नोकरी मात्र समुद्रावर केली, मुंबई बंदरात पायलट लाँचवर खलाशी म्हणून. "पायलटबरोबर असतो" म्हटलं की शेजारी विचारायचे, "विमानतळावर का?"

आमचा पायलट बंदरात वाट दाखवायला जहाजावर चढायचा, तोही दोरशिडीनं. लाँच चालत्या जहाजाला खेटवायची. लाट तिला पुरती वर उचलते त्या क्षणी शिडी धरायची आणि भराभर चढायचं. लाँच खाली असताना शिडी धरली, तर पुढच्या लाटेसरशी लाँच पायांवर येते. चढ नऊ मीटरहून जास्त असेल तर शिडीच्या जोडीला जहाजाचा जिनाही लावायचा, हा आंतरराष्ट्रीय नियम.

पायलट वर पोचला की पांढरा-लाल झेंडा चढतो. कप्तान जग फिरलेला असेल, पण इथला गाळ, सुकतीची ओढ, इंदिरा डॉकचं गेट त्याला काय ठाऊक? म्हणून तर 1908च्या कायद्यानं ठरावीक बंदरांत दोनशे टनांपासून पुढच्या जहाजांना पायलट सक्तीचा केला. तरी जहाज कप्तानाच्याच ताब्यात राहतं. हे लोकांना पटत नाही.

या पाण्यातली चूक किती महाग पडते, ते 7 ऑगस्ट 2010 ला दिसलं: बंदराच्या तोंडाशी 'चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं एकमेकांवर आदळली. कंटेनर समुद्रात पडले, तेल सांडलं.

रात्री गेटवेला गेलात तर पाण्यावर नजर टाका. वर पांढरा, खाली लाल दिवा दिसला, की ती पायलट बोट.