बाबागाडी कोणाची?

मूल चालू लागले की बाबागाडी माळ्यावर जाते आणि माळ्यावरून शेजारच्या बिऱ्हाडी जाते, हा मध्यमवर्गीय घरांतला जुना शिरस्ता. आमच्याकडेही तो पाळला गेला होता. त्यामुळे चिरंजीवांना सात वर्षे पूर्ण झाल्यावर आमच्या संसारात पुन्हा बाबागाडीचा प्रश्न उभा राहील, आणि तोही थेट अमेरिकेत, असे मला कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते.

झाले असे. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. आईला घेऊन सगळे एकदा या, हा तिचा चार वर्षांचा धोशा. शेवटी एक मुदतठेव मोडून आम्ही मेच्या सुटीत जायचे ठरवले. तिथून सर्वांनी मिळून फ्लॉरिडातले ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ पाहायला जायचे, हा कार्यक्रमाचा कळस. निघण्यापूर्वी आठवडाभर तिचा फोन आला.

“दादा, लोणचं-पापड आण नाहीतर आणू नकोस, पण तिथं मुलासाठी बाबागाडीची सोय करावी लागेल हं!”

“अगं, तो दुसरीत आहे!” मी म्हणालो. “गेल्या डिसेंबरात पायथ्यापासून सिंहगड चढलाय तो.”

“सिंहगड वेगळा आणि हे वेगळं. बघशील तू.”

सौ.चे मत नणंदेच्या बाजूने पडले. पण मी मराठीचा प्राध्यापक. वादात हरण्याची मला सवय नाही. सिंहगड चढलेला मुलगा बाबागाडीत बसला तर तानाजीला काय वाटेल, एवढे बोलून मी तो विषय संपवला.

विषय संपला नव्हता, हे पहिल्याच दिवशी कळले.

वाचकांपैकी अनेकांची मुले-सुना आज त्या देशात आहेत आणि आजी-आजोबा, नातवंडे तिकडे जाऊ-येऊ लागली आहेत. म्हणून त्या जागेचा विस्तार थोडा सांगतो. ही एक बाग नव्हे. १९७१ च्या १ ऑक्टोबरला ‘मॅजिक किंग्डम’ ही पहिली बाग उघडली. त्यानंतर १९८२ मध्ये ‘एपकॉट’, १९८९ मध्ये आज ‘हॉलिवूड स्टुडिओज’ या नावाने ओळखली जाणारी, आणि १९९८ मध्ये ‘ॲनिमल किंग्डम’. सगळा परिसर मिळून सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा. मॅजिक किंग्डमला मोटारीने गेलात, तर मोटार तळ्याच्या एका काठाला आणि बाग दुसऱ्या काठाला. मग मोनोरेलने नाहीतर बोटीने पलीकडे जायचे. म्हणजे बागेत पाऊल टाकण्यापूर्वीच पोराची एक सहल होऊन गेलेली असते.

सकाळ छान गेली. चिरंजीव आमच्यापुढे पळत होते. ‘स्पेस माउंटन’ नावाच्या अंधारातल्या घसरगाडीला किमान ४४ इंच उंची लागते; तिथल्या मापाच्या खुणेपाशी ताठ उभे राहून त्यांनी ती परीक्षा विशेष गुणवत्तेत पार केली. माझी छाती फुगली. आणि त्याच फुगलेल्या छातीने माझ्या हातून एक अपराध घडला.

पुढे एक कुटुंब चालले होते. त्यांचा मुलगा आमच्याएवढाच, किंबहुना थोडा थोराडच, आणि तो बाबागाडीत बसलेला. परदेशात मराठीत बोलले की कोणाला कळत नाही, ही आपली एक गोड समजूत असते. मी सौ.ला मोठ्याने म्हणालो, “बघ, लाडांची हद्द! एवढा घोडा झालाय आणि गाडीत बसून फिरतोय.”

गाडी ढकलणारी बाई थांबली. मागे वळून शुद्ध मराठीत, अगदी शांतपणे म्हणाली, “आठवं लागलंय त्याला. पण फार वेळ पायांवर उभं राहवत नाही हो.”

पुढे ती काही बोलली नाही. मलाही काही बोलता आले नाही. वीस वर्षे वर्गात भाषेचा विवेक शिकवणाऱ्या माणसाला ‘क्षमा करा’ हे दोन शब्द उच्चारायला इतका वेळ लागला की तोवर ती माणसे गर्दीत दिसेनाशी झाली होती.

दुपारी तीनच्या सुमारास आमचा सिंहगडवीर सिमेंटच्या रस्त्यावर मटकन खाली बसला. फ्लॉरिडाचे ऊन मुंबईच्या मेसारखे, अंगाला चिकटणारे. त्यातून दुपारी गडगडाटी सर येऊन गेली आणि उकाडा दुप्पट झाला. तेव्हा बहिणीच्या बोलण्याचा अर्थ उमगला. गड चढताना मूल मनाला येईल तिथे दगडावर टेकते, ताक पिते, वर पोचल्यावर पिठले-भाकरी खाऊन वाऱ्यावर लोळते. इथे थोडे चालायचे, मग रांगेत उभे राहायचे. पुन्हा चालायचे, पुन्हा उभे राहायचे. चालण्यापेक्षा उभे राहणे मुलांना अधिक थकवते. मेहुण्यांच्या मनगटी घड्याळाने त्या दिवशी साडेतेरा किलोमीटर मोजले. त्यातले शेवटचे तीन एकवीस किलोंचे चिरंजीव माझ्या पाठीवर होते.

रात्री ‘सिंड्रेला’च्या १८९ फूट उंच महालावर आतषबाजी असते. ती पाहण्यासाठी मुलाने महिनाभर दिवस मोजले होते. आकाशात पहिला बाण फुटला तेव्हा तो माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला होता. आम्ही हाका मारल्या, गालांवर पाणी लावले. त्याने एकदा डोळे उघडले, रडला आणि पुन्हा झोपला. सकाळी उठल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, “बाबा, आतषबाजी किती वाजता आहे?”

त्या प्रश्नाला उत्तर देताना माझा सगळा युक्तिवाद संपला.

दुसरा दिवस आम्ही विश्रांतीला ठेवला आणि हॉटेलच्या खोलीत गोलमेज परिषद भरली. मुलगा बाबागाडीत बसणार की नाही, हा प्रश्न नव्हता. सात वर्षांच्या मुलाला कोणती गाडी चालेल, हा होता. त्या चर्चेतून आणि पुढच्या अनुभवातून जे शिकलो ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

पहिला पर्याय बागेतच भाड्याने मिळणाऱ्या गाडीचा. ती कडक प्लॅस्टिकची, दणकट असते. एका मुलाच्या गाडीला पन्नास पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण पावणेतेवीस किलोंपर्यंत वजन योग्य असे सांगतात. सात वर्षांच्या मुलाचे वजन सरासरीने याच काट्यावर येते. पण मोठी अडचण अशी, की ती गाडी बागेच्या दारातच परत करायची. खरी गरज तर दारापासून मोटारीपर्यंत, झोपलेले मूल आणि चेपलेली माणसे परतताना असते!

दुसरा पर्याय बहिणीने भाचीची म्हणून जपून ठेवलेल्या छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाडीचा. या घडीच्या गाडीचा जनक ओवेन मॅकलारेन हा इंग्रज वैमानिकी अभियंता. स्पिटफायर लढाऊ विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या रचनेवर त्याने काम केले होते. तीच बुद्धी लढवून १९६५ मध्ये त्याने ॲल्युमिनियमची हलकी घडीची गाडी तयार केली. गाडी गुणी खरी, आणि तिच्यावरही मर्यादा पन्नास पौंडांचीच लिहिलेली होती. परंतु चिरंजीवांना बसवून पाहिले तेव्हा डोके छताला लागले आणि बूट जमिनीला घासू लागले. थोरल्या मुलाच्या बाबतीत नुसते वजन पाहून भागत नाही, हा धडा तिथे मिळाला. बैठकीपासून छतापर्यंतची उंची आणि पाय ठेवायच्या फळीची खोली, ही दोन मापे आधी पाहावीत.

तिसरा पर्याय मुलांना सामानासकट ओढून नेण्याच्या चारचाकी गाड्याचा. तो दिसतो मोठा सोयीचा. पण १ मे २०१९ पासून तसे गाडे त्या बागांत नेता येत नाहीत. बाबागाडीही ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब चालत नाही. तेव्हा मोठ्या मुलासाठी मोठी गाडी घेताना आधी टेप लावावी.

शेवटी गावातल्या एका दुकानातून थोराड मुलांसाठीची गाडी भाड्याने घेतली. दुकानदाराने ती हॉटेलवर आणून दिली. निवडताना पाठ मागे झुकते की नाही ते पाहिले, कारण सात वर्षांचे मूल बसून क्वचितच झोपते. छत पुढपर्यंत येते का, ब्रेक नीट लागतो का, तेही पाहिले. आणि घडी एका माणसाला करता येते का, याची परीक्षा मी स्वतः दिली. दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो. ही परीक्षा महत्त्वाची आहे. मोनोरेलमध्ये गाडी तशीच ढकलत नेता येते, पण तिथल्या बसमध्ये चढताना तिची घडी घालावीच लागते. आणि त्या वेळी एका हातात झोपलेले मूल असते.

आणखी दोन गोष्टी. मुठीला जड पिशव्या अडकवू नयेत. मोठे मूल टुणकन उतरले की गाडी मागे उलटते. आणि गाडी रांगेत नेता येत नाही, बाहेर ठेवून जावे लागते. तिथली माणसे गाड्या हलवून नीट ओळीने लावतात. परत यावे तो आपली गाडी जागेवर नसते. आईने आपल्या जुन्या साडीची हिरवी चिंधी गाडीला बांधून दिली. शेकडो गाड्यांत आमची गाडी त्या चिंधीने ओळखू येई. ज्या मुलांना आजारामुळे गाडीतून उतरणे कठीण असते, त्यांच्या पालकांनी बागेच्या पाहुणे-सेवा कक्षात सांगितल्यास गाडीला एक चिठ्ठी लावून मिळते. मग ती चाकाच्या खुर्चीसारखी रांगेतही नेता येते. हे कळले तेव्हा मला त्या बाईची पुन्हा आठवण झाली.

गाडी तर आली. पण तिच्यात बसणारा राजी होईना. “मी काय बाळ आहे?” चिरंजीवांनी गर्जना केली. ‘लोक काय म्हणतील’ हा मंत्र त्याला कोणी शिकवला, हे मी कोणाला विचारले नाही.

इथे आई पुढे झाली. तिचे गुडघे दुखतात. पहिल्या दिवशी मेहुण्यांनी चाकाची खुर्ची घेऊया म्हटले तेव्हा ती ‘मी काय अपंग आहे?’ म्हणून दिवसभर लंगडत चालली होती. ती नातवाजवळ बसून म्हणाली, “हे बघ राजा, मलाही खुर्चीत बसायची लाज वाटते. तुझी माझी बोली. तू तुझ्या गाडीत बस, मी माझ्या खुर्चीत बसते. कोणी हसलं तर दोघांना मिळून हसेल.”

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणि तू रे? तिसरीत होतास तेव्हा जेजुरीच्या पायऱ्या उतरताना ह्यांच्या खांद्यावर बसला होतास. तेव्हा कोणी म्हणालं नाही, एवढा घोडा झालाय म्हणून.”

माझे वडील जाऊन आता अकरा वर्षे झाली. त्या खांद्यावरून दिसलेला भंडाऱ्याने पिवळा झालेला जिना मला अजून आठवतो. त्यांचे खांदे दुखले असतील, हे मात्र त्या रात्रीपर्यंत कधी मनात आले नव्हते.

तिसऱ्या दिवशी एपकॉटला आमची वरात निघाली. आईची खुर्ची मी ढकलत होतो, चिरंजीवांची गाडी सौ. खरे सांगायचे तर दुपारपर्यंत त्या गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि माझी छत्रीच बसली होती. मुलगा आपला पुढे पळत होता. बसता येते एवढे ठाऊक असले की न बसताही पायांत बळ राहते की काय, कोण जाणे. जेवणानंतर तो आपण होऊन गाडीत चढला आणि सावलीत तासभर झोपला. संध्याकाळी तळ्याभोवतीचा सुमारे दोन किलोमीटरचा फेरा आम्ही घातला. मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत तिथे अकरा देशांची दालने आहेत. त्यात आपला देश नाही, हे आईने लगेच ताडले आणि नापसंती दर्शवली.

रात्री तळ्यावर आतषबाजी झाली. चिरंजीव गाडीच्या पुढच्या फळीवर उभे राहू पाहत होते, म्हणून मी ब्रेक लावून गाडी घट्ट धरली आणि शेवटी त्यांना खांद्यावर घेतले. डोळे टक्क उघडे होते. शेजारी खुर्चीत आई मान वर करून बसली होती. “बाबा, उद्या परत?” त्याने वरून विचारले.

‘बाबागाडी’ या शब्दातला ‘बाबा’ म्हणजे लहान मूल, असे मी इतकी वर्षे समजत आलो. त्या रात्री माझ्या खांद्यांनी त्याचा दुसरा अर्थ लावला. कोशकारांनी विचार करावा.

परत आल्यावर पावसाळा संपताच आम्ही सिंहगडावर गेलो. बाबागाडीमुळे मुलाचे पाय गेले नव्हते; तो माझ्याआधी वर पोचला. वाटेत एका आईच्या कडेवर चांगला पाच-सहा वर्षांचा मुलगा दिसला. मी काही बोललो नाही. थोडे बाजूला सरून त्यांना वाट दिली.