बाळाच्या न्यूमोनियावर कोणते औषध?

खोकल्यासोबत बाळाला धाप लागली, तर न्यूमोनिया असू शकतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास ही धोक्याची खूण.

१९८८ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या हाती को-ट्रायमोक्साझोल दिले आणि न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले. हे औषध जंतूंना लागणारे फोलेट बनू देत नाही. पुढे मात्र बरेच जंतू त्याला दाद देईनासे झाले.

अमॉक्सिसिलिन जंतूंचे कवचच बनू देत नाही. २०१४ पासून जागतिक आरोग्य संघटना पहिले औषध म्हणून तेच सुचवते. गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने पाजता येते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून आशाताई किंवा डॉक्टर सांगतील तेवढीच द्यावी. पेनिसिलिनने पूर्वी अंगावर पुरळ आले असेल, तर आधीच सांगावे.

मूल दोन दिवसांत खेळू लागले तरी ठरलेले सर्व दिवस औषध द्यावे. छाती आत ओढली जात असेल, बाळ दूध पीत नसेल किंवा दोन महिन्यांहून लहान असेल, तर घरी थांबू नये. लगेच दवाखाना गाठावा.