नेमबाजीत सल्ला कोणाचा मानावा?

भोसरी, तळवडे किंवा चाकण परिसरातील फॅब्रिकेशनच्या कोणत्याही शेडमध्ये काळ्या रंगाचा ऑक्सिजनचा सिलिंडर आणि त्याच्या शेजारी हवेचा कॉम्प्रेसर हमखास दिसतो. अशाच एखाद्या शेडमध्ये नोकरी करणाऱ्याच्या घरी मुलासाठी स्पर्धेची एअर रायफल आली, की ओळखीतले कोणी तरी सहज सुचवून जाते : टाकी भरायला दर वेळी लांब कशाला जायचे, कंपनीतच भरून घ्या. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. कदाचित तो स्वतः उत्तम नेमबाजही असतो. तरीही हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो.

स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या आधुनिक एअर रायफलच्या नळीखालील टाकीत साधारण २०० बार दाबाने हवा भरलेली असते. वर्कशॉपमधला नेहमीचा कॉम्प्रेसर सात ते दहा बारच्या पुढे जात नाही, म्हणजे त्याचा येथे काही उपयोग नाही. मग नजर जाते ती शेजारच्या ऑक्सिजनकडे, कारण दाब तेवढा फक्त त्यातच असतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावू नये, हे गॅस कटिंग करणाऱ्या प्रत्येक कामगाराला पहिल्या दिवशी शिकवले जाते. उच्च दाबाच्या ऑक्सिजनशी तेलाचा संपर्क आला, की ठिणगीविनाही भडका उडू शकतो. एअर रायफलच्या आत वंगण असते, रबरी सील असतात, आणि ती रायफल नेमबाजाच्या गालाला टेकलेली असते. त्यामुळे या टाकीत कोरडी, स्वच्छ हवाच भरायची असते. तीही त्यासाठीच बनविलेल्या सिलिंडरमधून किंवा हातपंपाने. ही माहिती रायफलबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेली असते. ती पुस्तिका बहुधा खोक्यातच राहते.

पिंपरी-चिंचवडकरांना नेमबाजी काही परकी नाही. मुळा नदी ओलांडली की म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, आणि ऑलिम्पिकपटू गगन नारंग यांच्या अकादमीनेही २०११ मध्ये येथेच मूळ धरले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकले, तोही बालेवाडीत घडलेला नेमबाज. अंतर फार नाही. पण चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडीत अडकलेल्या, दुसरी पाळी करणाऱ्या माणसाला ते रोज कापणे शक्य नसते. साहजिकच नवशिक्याचे निम्मे शिक्षण रेंजबाहेर होते. मोबाइलवरील संदेशांतून, परदेशी चित्रफितींतून, दुकानदाराकडून आणि ‘आपल्याकडे पूर्वी असे करत’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांकडून. यांतले कोण खरे?

हा प्रश्न माणसांपासून सुरू केला तर गोंधळ वाढतो. आधी सल्ला कशाबद्दल आहे हे पाहावे लागते. धोक्याबद्दलचा, कायद्याबद्दलचा, साहित्याबद्दलचा आणि शरीराच्या ठेवणीबद्दलचा सल्ला या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चारही बाबतींत अधिकारी असलेला माणूस क्वचितच भेटतो.

गुणपत्रिका काय सांगते?

नेमबाजीची एक सोय अशी, की येथे बढाई फार काळ टिकत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आणि राष्ट्रीय स्पर्धांचे निकाल एकेका गुणासह प्रसिद्ध होतात. राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने झाली. त्यांच्याच नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेतून आजही नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेकडे जातात. तेथपर्यंत पोहोचल्याचे सांगणाऱ्याचे नाव कोणत्या तरी निकालपत्रात सापडायलाच हवे. सरावात मारलेले गुण या हिशेबात धरायचे नसतात. घरच्या रेंजवर, वेळेचे बंधन नसताना, आवडले नाही ते टार्गेट बाजूला ठेवून मिळविलेला आकडा आणि सामन्यातला आकडा यांत मोठे अंतर असते.

मात्र गुणपत्रिका जेवढे सिद्ध करते तेवढेच मानावे. चांगला नेमबाज चांगला शिक्षक असतोच असे नाही. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकण्यापूर्वी भीतीवर ताबा मिळविण्यासाठी जर्मनीत उंच खांबावर चढण्याचा सराव केला होता. ही गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. परंतु ज्याची रायफल अजून खांद्यावर स्थिर होत नाही, त्या निगडीतील बारा वर्षांच्या मुलाला तिचा काय उपयोग? शिखरावरच्या माणसाची शेवटची एक टक्का धडपड नवशिक्याची पहिली पायरी होऊ शकत नाही.

प्रशिक्षकाची परीक्षा त्याच्या स्वतःच्या गुणांपेक्षा त्याच्या शिष्यांच्या गुणांवरून करावी. दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळल्या. त्यांना २०२४ चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो कुसाळेसारख्या शिष्यांमुळे. कुसाळे हा २००९ पासून सरकारी क्रीडा प्रबोधिनीत होता. ऑलिम्पिकच्या मैदानात तो पंधरा वर्षांनी उतरला. पॅरिसला पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा होता, आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर तिसरा आला. ‘तीन महिन्यांत राष्ट्रीय पातळी’ असे आश्वासन देणाऱ्यासमोर ही पंधरा वर्षे ठेवून पाहावीत. प्रशिक्षकाला विचारण्याजोगा प्रश्न साधा आहे : तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी आलेली मुले आज कोठे आहेत, आणि सोडून गेलेली का गेली? दुसऱ्या भागाचे उत्तर देणारा प्रशिक्षक बहुधा विश्वासू असतो.

प्रामाणिक, पण शिळा सल्ला

खोटे बोलणाऱ्यापेक्षा जुने बोलणाऱ्याकडून फसगत अधिक होते. सुमा शिरूर यांनी २००४ च्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळविले, तेव्हा महिलांच्या एअर रायफलमध्ये ४० फैरी असत. २०१८ पासून महिलांनाही पुरुषांप्रमाणे ६० फैरी झाडाव्या लागतात. रायफलच्या पात्रता फेरीत २०१३ पासून दशांश गुण मोजले जातात; एका फैरीचे कमाल गुण १०.९ आणि साठ फैरींचे ६५४. बिंद्राचे ७००.५ हे पात्रता फेरीतील ५९६ आणि अंतिम फेरीतील १०४.५ यांची बेरीज होती. आता अंतिम फेरीत सगळे शून्यापासून सुरुवात करतात. तेव्हा ‘आमच्या वेळी ३९० ला निवड होत असे’ हे वाक्य खरे असूनही आजच्या मुलीला त्यातून काहीच कळत नाही.

कायद्याच्या बाबतीत शिळेपणा अधिक महाग पडतो. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी चाकण पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होते आणि शस्त्रपरवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची पायरी चढावी लागे. पिंपरी-चिंचवड शहर पुणे पोलीस आयुक्तांकडे होते. आज दोन्हींचा परवाना अधिकारी पिंपरी-चिंचवडचा पोलीस आयुक्त आहे. वीस वर्षांपूर्वी परवाना काढलेला चाकणचा ज्येष्ठ नेमबाज आजही पूर्ण प्रामाणिकपणे चुकीच्या कचेरीचा पत्ता देऊ शकतो.

परदेशी चित्रफितींचे वेगळेच. जर्मनीत साडेसात जूलपर्यंतची एअर गन परवान्याविना मिळते. ब्रिटनमध्ये एअर रायफलची मर्यादा बारा फूट-पाउंड, म्हणजे सुमारे सोळा जूल. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार वीस जूलपेक्षा अधिक शक्ती किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असेल तर परवाना लागतो. स्पर्धेची रायफल सात-आठ जूलांतच काम भागवते, कारण दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला याहून अधिक लागत नाही. तरीही ‘स्प्रिंग बदला, ताकद वाढवा’ हा सल्ला फिरत राहतो. त्यातून स्पर्धेला एकही गुण मिळत नाही. मर्यादा ओलांडली तर हाती उरते ते विनापरवाना शस्त्र. पाखरांवर नेम धरणाऱ्यासाठी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. कायद्याविषयीचा सल्ला नियमाचा क्रमांक आणि वर्ष सांगत नसेल, तर तो गप्पांत जमा करावा.

पाच छऱ्यांचा पुरावा

साहित्याविषयीचे वाद सर्वांत जोरात होतात, आणि त्यांचा निकाल लावण्याची हातोटी खरे तर याच पट्ट्यातील लोकांकडे आहे. अमुक कंपनीचा ४.५० चा छर्रा वापरा, ४.४९ चा नको, असे सांगणारा पुरावा म्हणून एका टार्गेटचे छायाचित्र दाखवतो : पाच छरे, एकच भोक. पुरवठादाराने पाच सुटे भाग मोजून ‘पूर्ण लॉट बरोबर आहे’ असे लिहून दिले, तर चाकणच्या एखाद्या वाहन कारखान्यातील गुणवत्ता विभाग ते मान्य करील काय? एकाच डब्यातील छऱ्यांचे पाच-पाचांचे दोन गट मारले, तरी निव्वळ योगायोगाने एक गट दुसऱ्याच्या दीडपट पसरू शकतो. शिवाय रायफल शिकंज्यात बांधली होती की हातात होती? हातात असेल तर ते छऱ्याचे मोजमाप झाले, की हाताचे? आणि जे टार्गेट दाखविले, त्याच्यामागे न दाखविलेली किती होती?

येथे फरक किती सूक्ष्म असतो ते लक्षात घ्यावे. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि गुणाचा प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्या बारीक दाव्यासाठी प्रत्येक प्रकारच्या छऱ्याचे दहा-दहाचे अनेक गट, एकाच दिवशी, एकाच शिकंज्यातून, आलटून पालटून मारावे लागतात. शिवाय एका नळीला मानवणारा छर्रा दुसरीला मानवेलच असे नाही. त्यामुळे दुसऱ्याचा निष्कर्ष उचलण्यापेक्षा त्याची चाचणी करण्याची रीत उचलावी.

विक्रेत्याचा सल्ला सरसकट खोटा नसतो. त्याचे हित कोठे आहे एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. पण वापरलेली रायफल घेताना एक गोष्ट कोणालाही न विचारता तपासता येते. टाकीची मुदत संपलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाची असते, आणि ही मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची असते. टाकीवर तारीख कोरलेली असते. ‘अगदी नव्यासारखी’ असे म्हणणाऱ्याला ती तारीख मोठ्याने वाचायला सांगावी. जाकिटाचेही तसेच : स्वस्तात मिळालेले जाड, ताठ जाकीट उपकरण-तपासणीत जाडी आणि ताठरपणाच्या मोजमापात बाद झाले, तर सगळा पैसा वाया जातो. पहिले काही महिने क्लबचीच रायफल वापरू देणारा प्रशिक्षक विक्रेत्याचे नुकसान करतो, पालकांचे नाही.

दोघेही बरोबर असतात तेव्हा

काही वादांत दोन्ही बाजू खऱ्या असतात. गोळीविना सराव, म्हणजे रायफल रिकामी ठेवून नेम धरणे आणि ट्रिगर ओढणे, हा घरी करता येण्याजोगा सर्वांत उपयुक्त सराव आहे, असे एक जण सांगतो. रिकामी रायफल कधीही चालवू नये, ती खराब होते, असे दुसरा बजावतो. पहिला दाबाच्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलबद्दल बोलत असतो. तिला या सरावासाठी स्वतंत्र सोय असते. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर स्प्रिंगची जुनी एअर गन असते, आणि पुढे छर्रा नसेल तर तिच्या पिस्टनला खरोखरच इजा होते. म्हणून ‘कोणती रायफल?’ हा प्रश्न उत्तराआधी न विचारणाऱ्याचा सल्ला थोडा बाजूलाच ठेवावा. रायफल कोणतीही असो, सरावाआधी नळी रिकामी असल्याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करावी, आणि ज्या भिंतीपलीकडे माणसे नाहीत त्याच भिंतीकडे नेम धरावा.

नेम धरताना दुसरा डोळा मिटावा की उघडा ठेवावा, हा वाद तर प्रत्येक रेंजवर आहे. डोळा मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात आणि साठ फैरींत थकवा येतो, म्हणून बहुतेक प्रशिक्षक दोन्ही डोळे उघडे ठेवून दुसऱ्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावायला सांगतात. नियमांत तिची रुंदी ३० मिलिमीटरपर्यंत चालते. तरीही डोळा मिटून उत्तम गुण मिळविणारे आहेतच. अशा ठिकाणी अनुभवी प्रशिक्षक हुकूम सोडत नाही. तो मुलाच्या हातात वही देतो, एक आठवडा पट्टी लावून आणि एक आठवडा तिच्याविना खेळायला सांगतो, आणि दोन्ही आठवड्यांचे गुण, थकवा, वेळ लिहून आणायला लावतो. काही मुलांच्या वहीत फरक दिसतो. काहींच्या वहीत दिसत नाही, आणि मग तो प्रशिक्षक पट्टीचा विषय सोडून पायांच्या ठेवणीकडे वळतो.