घाट चढून येणारा बांगडा

आपला अहिल्यानगर जिल्हा समुद्रापासून दूर. मध्ये सह्याद्री उभा. तरीही आठवड्याच्या बाजारात सुक्या बोंबलाशेजारी खारा बांगडा दिसतो. तो कोकणातून घाट चढून येतो.

बांगडा हा तेलकट मासा. त्याचे तेल हृदयाला हितकर असते. मांसात प्रथिनेही भरपूर. पण त्यात एक खोड आहे. तो फार लवकर नासतो. म्हणून कोळी लोक त्याला मीठ लावतात व उन्हात वाळवतात.

जपान देशातही असेच होई. तिकडचा बांगडा जातीने थोडा निराळा, पण कुळ एकच. त्याला ते 'साबा' म्हणतात. क्योतो हे त्यांचे जुने राजधानीचे शहर समुद्रापासून दूर आहे. ओबामा नावाच्या बंदरावर माशाला मीठ लावीत. मग माणसे तो पाठीवर घेऊन डोंगरवाटेने सुमारे ७० किलोमीटर चालत. क्योतोला पोचेतो मीठ चांगले मुरलेले असे. त्या वाटेला आजही 'साबाची वाट' म्हणतात. तिथले लोक हा मासा तांदळाच्या शिरक्यात मुरवतात, भातावर दाबून बसवतात आणि त्याच्या वड्या कापून खातात. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला साबाही त्यांना आवडतो.

शिरक्यातला कच्चा मासा मात्र आपण घरी करू नये. मीठ-शिरक्याने माशातले बारीक जंत मरत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, बरं का! ताजा बांगडा उन्हात किंवा उबेला पडून राहिला, तर त्यात एक प्रकारचे विष तयार होते. ते शिजवून जात नाही, तळूनही जात नाही. असा मासा खाल्ला की थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. तसे झाले तर लगेच दवाखाना गाठावा.

मग पारख कशी करावी? ताजा बांगडा बर्फातलाच घ्या. डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि अंग घट्ट हवे. खारा बांगडा घेताना बुरशी, किडे आणि खवट वास पाहा. तेल पिवळे पडले असेल तर घेऊ नका. घरी आणल्यावर तो पाण्यात भिजत घाला. एकदोनदा पाणी बदला, म्हणजे खारटपणा उतरेल. रक्तदाबाच्या माणसाने मात्र खारा मासा बेतानेच खावा.

स्वस्त म्हणून नासका मासा घेऊ नये. वाचलेल्या पैशापेक्षा औषधालाच जास्त पैसे लागतात.