प्रयोगशाळेतलं विरजण : डॉ. कमल रणदिवे

मैत्रिणींनो, कॅन्सर हा शब्द आपण अजून दबक्या आवाजातच उच्चारतो. आमच्या गेवराईसारख्या गावात एखादीच्या छातीत गाठ लागली, तर ती सासूला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. दुखायला लागलं की मग सांगते. म्हणूनच या रोगाचं मूळ शोधण्यात उभा जन्म घालवणाऱ्या एका मराठी बाईची ओळख तुम्हाला करून द्यावीशी वाटते.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्याचा. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. मुलीचा ओढा मात्र निराळा! १९३९ साली तिनं गणितज्ञ असलेल्या रणदिव्यांशी लग्न केलं आणि शिक्षण चालूच ठेवलं. पतीनं अभ्यासात मदत केली, हे विशेष. १९४३ साली त्या एम. एस्सी. झाल्या. विषय कोणता, ठाऊक आहे? सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं! आपल्या बालाघाटच्या डोंगरातून टोपल्या भरून येतात ना, त्याच सीताफळाचं कूळ.

पुढे मुंबईत डॉ. खानोलकर यांच्या हाताखाली काम करून १९४९ साली त्यांनी पीएच. डी. मिळवली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकल्या. परत येऊन मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी अशा कामाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. हे तंत्र आपल्याला कळायला अवघड नाही. आपण कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आजच्या दुधात घालतो आणि दही पुढे चालू ठेवतो. तशाच या पेशी. वाढल्या की त्यातल्या थोड्या ताज्या पोषकद्रवात घालायच्या. चुकून भलताच जंतू शिरला, तर सगळंच फुकट.

बाईंनी उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. काही जातींच्या उंदरांना स्तनांचा कॅन्सर सहज होतो, काहींना होत नाही. असं का? आनुवंशिकता, शरीरातली संप्रेरकं आणि एक विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. उंदरांत हा विषाणू आईच्या दुधातून पिल्लांकडे जातो. पण घाबरू नका हं! माणसांत अंगावर पाजल्यानं बाळाला कॅन्सर होत नाही, उलट आईचा धोका कमी होतो.

कॅन्सर आणि कुष्ठरोग यांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आनुवंशिकता आणि विषाणू यांचा कॅन्सरशी संबंध ओळखणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. पुढे १९९४ साली स्तनांच्या कॅन्सरशी निगडित बीआरसीए-१ हा जनुक जगातल्या शास्त्रज्ञांच्या हाती लागला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो, हेही सिद्ध झालं आणि त्यावर लस आली. लेकीला ती कधी द्यायची, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आता तुम्ही म्हणाल, शोधनिबंधांचा आपल्या संसाराला काय उपयोग? आहे ना! आई, बहीण किंवा मावशी यांना हा रोग झाला असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. मात्र बहुतेक बायकांत तो वारशानं आलेला नसतो, म्हणून 'आमच्या घरात नाही' म्हणून निर्धास्त राहू नका. पाळी संपली की एकदा स्वतः हातानं चाचपून पाहा. गाठ, त्वचेला खळी, बोंडातून रक्त किंवा पाणी येणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. पुष्कळ गाठी साध्याच निघतात, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

१९७३ साली बाईंनी सहकारी मैत्रिणींसह भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना काढली. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या राजूरला त्यांनी आदिवासी मुलांचं पोषण अभ्यासलं आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे धडे दिले. २००१ साली त्या गेल्या. त्यांनी दिलेलं विरजण आता आपल्या घराघरांत लागायला हवं. पोरगी शास्त्र शिकायचं म्हणाली, तर तिला अडवू नका. आणि गाठ लागली, तर लपवू नका.